माझ्या कवितेतला पाणकावळा

पंधराएक वर्षांपूर्वी मी एक कविता लिहिली होती. आटत चाललेला तलाव, त्यात उभी वाळकी बाभूळ, तिच्यावर पंख पसरून बसलेला काळा पक्षी. त्या पक्ष्याला मी पाणकावळा म्हटलं. उमरग्याच्या एका कार्यक्रमात ती वाचली, टाळ्याही पडल्या. खाली उतरलो तर मागच्या रांगेतले एक वृद्ध गृहस्थ माझी वाट पाहत उभे होते. भोई समाजातले, उभा जन्म तलावावर जाळी टाकण्यात गेलेला. मी त्यांना मामा म्हणतो. ते म्हणाले, "भाई, कविता झ्याक हाय. पर त्यो पानकावळा न्हाई ओ. लांब मानंचा, सापावानी म्हणतायसा न्हवं? पानकावळा मासा धरतोय. ह्यो भोसकतोय."

धरणं आणि भोसकणं. एवढ्या दोन क्रियापदांत मामांनी पक्षीशास्त्राचा एक अख्खा धडा सांगितला होता, हे मला फार उशिरा कळलं. मी बी.ए. झालो तो मराठी घेऊन. पक्षी माझ्या अभ्यासात कधी नव्हते, कवितेत मात्र भरपूर होते. आपण ज्याचं नावही धड घेत नाही त्याच्यावर कविता करतो, याची त्या रात्री लाज वाटली. पुढच्या रविवारी मामांबरोबर तलावावर गेलो.

आधी पाणकावळा पाहिला. आखूडशी मान, चोचीच्या टोकाला आकडा. बुडी मारतो, पाण्याखाली माशाचा पाठलाग करतो आणि आकड्यात अडकवून वर आणतो. मग मामांनी दुसरीकडे बोट केलं. मला आधी पाण्यावर सरकणारा साप दिसला. अंग दिसेना, नुसती मान आणि डोकं. थोड्या वेळानं तो साप पाण्याबाहेर येऊन बाभळीवर चढला, तेव्हा त्याला पंख निघाले. मराठीत याला तिरंदाज म्हणतात. शब्द मूळचा फारसी, पण इथं इतका चपखल बसलाय की परका वाटतच नाही.

या पक्ष्याच्या मानेत आठव्या मणक्याजवळ एक खास बाक असतो. मान इंग्रजी 'झेड'सारखी दुमडून तो पाण्याखाली सावकाश सरकतो. मासा टप्प्यात आला की ती घडी झटक्यात उलगडते आणि सुईसारखी टोकदार चोच माशाच्या कुशीत घुसते. मग वर यायचं, मासा हवेत उडवायचा आणि डोक्याकडून गिळायचा. डोक्याकडून का? तर माशाचे काटे आणि पर मागे दबले जातात, घशात अडकत नाहीत. आपल्या घरी मरळ खाताना एवढी अक्कल सगळ्यांनाच असते असं नाही!

पंख पसरून बसण्याचंही कारण आहे. बदकाच्या पिसांवरून पाणी ओघळून जातं. तिरंदाजाची पिसं मात्र चिंब भिजतात. भिजल्यामुळे अंग जड होतं आणि खाली राहणं सोपं जातं. पण बाहेर आलं की ओलं अंग वाळवावं लागतं. कवितेत मी त्या पसरलेल्या पंखांना दुव्यासाठी उचललेले हात म्हटलं होतं. खरं तर तो धोतर वाळत घालत होता.

नादच लागला, तेव्हा पुस्तकं उघडली. उघडली आणि कळलं की नावाचा घोळ एकट्या माझ्याकडूनच झाला होता असं नाही, मोठमोठ्या शास्त्रज्ञांचाही झाला होता. आपल्या तिरंदाजाला शास्त्रीय नाव दिलं थॉमस पेनंट या वेल्श निसर्गअभ्यासकानं, 1769 साली. गृहस्थ हिंदुस्थानात कधी आले नव्हते. सिलोनमध्ये काढून घेतलेली चित्रं त्यांच्यापुढे होती. त्यांनी दिलेल्या नावाचा अर्थ 'काळ्या पोटाचा'. 1802 साली डोदँ या फ्रेंच शास्त्रज्ञानं आफ्रिकेतल्या तिरंदाजाला 'रूफा' म्हणजे तांबूस असं नाव दिलं. कारण उघड आहे. आफ्रिकी तिरंदाजाची मान तांबूस-तपकिरी असते आणि तिच्या बाजूनं पांढरी रेघ उतरते. आपल्याकडचा मानेला फिकट, आणि पाठीवर चंदेरी रेघा मिरवणारा.

पण पुढे बराच काळ पंडितांनी या दोघांना एकच ठरवलं. आशिया, आफ्रिका आणि ऑस्ट्रेलियातले तिरंदाज म्हणजे एकाच जातीच्या तीन उपजाती, आणि अमेरिकेतला तेवढा वेगळा. आता हे मत मागे पडलं आहे. चार ठिकाणचे चार, चारही स्वतंत्र जाती असं आज मानलं जातं. कुळाचं नाव मात्र अमेरिकेतल्या भावावरून पडलं आहे, 'अनहिंगा'. ब्राझीलच्या तुपी आदिवासींच्या भाषेतला हा शब्द.

वरच्या पायरीवरही असंच झालं. तिरंदाज, पाणकावळे आणि पेलिकन यांची पूर्वी एकच गणात मोट बांधलेली होती, का तर सगळ्यांच्या चारही बोटांना पडदा जोडलेला. दिसायला पुरावा भक्कम होता. पण जनुकांचा अभ्यास सुरू झाला आणि पेलिकनचं नातं बगळ्यांशी, आफ्रिकेतल्या जोड्यासारख्या चोचीच्या शूबिलशी जवळचं निघालं. तिरंदाज आणि पाणकावळे राहिले समुद्रावरच्या गॅनेट पक्ष्यांच्या गोतात. 2010 साली अमेरिकी पक्षीतज्ज्ञांच्या यादीनं त्यांचा वेगळा गण मान्य केला. म्हणजे माझा पाणकावळा आणि मामांचा तिरंदाज सख्खे नसले तरी चुलत म्हणायला हरकत नाही. तेवढाच माझ्या कवितेला आधार!

आता मला सगळ्यात जास्त गुंतवणारी गोष्ट. आफ्रिकी तिरंदाज राहतो कुठं? सहारा वाळवंटाच्या दक्षिणेला, जिथं नदी, तळी आणि काठाला झाडं आहेत तिथं. मादागास्कर बेटावरही. आणि या सगळ्यापासून तुटून फार लांब, इराकमध्ये. तैग्रिस आणि युफ्रेटिस, आमच्या घरात म्हणतात तसं दजला आणि फुरात, या नद्यांच्या खालच्या अंगाला बोरूच्या विस्तीर्ण दलदली आहेत. तिथला तिरंदाज आपल्या जातीचा असेल असं नकाशा पाहून वाटावं, पण तो आफ्रिकी जातीचा. एकेकाळी तुर्कस्तानातल्या अमिक सरोवरावरही तो होता. ते सरोवर शेतीसाठी कोरडं केलं आणि पक्षी गेला. इराकमधल्या दलदलीही 1990 नंतरच्या दशकात सद्दाम हुसेनच्या सरकारनं कालवे आणि बांध घालून सुकवल्या. तिथली बोरूच्या घरांत राहणारी माणसं परागंदा झाली. फुरातचं पाणी अडवल्याची कहाणी मी लहानपणी मोहरमच्या दिवसांत ऐकलेली. तीच नदी आमच्या काळात पुन्हा अडवली गेली, हे वाचताना पुस्तक मिटून ठेवावंसं वाटलं. 2003 मध्ये लोकांनी बांध फोडले, पाणी परतलं, आणि पुढच्या काही वर्षांत तिरंदाजही तिथं पुन्हा दिसला. 2016 साली त्या दलदली जागतिक वारसा ठरल्या.

आपल्या तिरंदाजाचा मुलूख पाकिस्तानपासून सुरू होतो. भारत, नेपाळ, बांगलादेश, श्रीलंका करत थेट इंडोनेशियापर्यंत जातो. इराक आणि सिंध यांच्यामध्ये आहे कोरडा प्रदेश. तो ओलांडायचं या पक्ष्याला काही कारण नाही, तो पाण्याला बांधलेला. हबशी मलिक अंबर आफ्रिकेतून समुद्र ओलांडून आला आणि आपल्या जिल्ह्यातल्या परंड्याच्या किल्ल्यात त्यानं निजामशाही पुन्हा उभी केली. तिकडचा तिरंदाज काही आला नाही. मासा मात्र आला. आपण ज्याला चिलापी म्हणतो तो मोझांबिककडचा, 1952 साली भारतात आणलेला. आज आपला तिरंदाज आफ्रिकेचा मासा खातो, आणि आपणही खातो.

सलीम अलींनी 1931 साली निजामाच्या हैदराबाद संस्थानातल्या पक्ष्यांची पाहणी सुरू केली, तेव्हा आपला जिल्हा त्याच संस्थानात होता. आता पैठणचा नाथसागर आहे, उजनी आहे, आपल्याजवळ माकणीचं निम्न तेरणा धरण आहे. धरणं वाढली तशी पाणपक्ष्यांना जागाही झाली. पण आपलं पाणी भरवशाचं नाही. 2016 च्या उन्हाळ्यात शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. त्या वर्षी आमच्या तलावात चिखलाच्या भेगा तेवढ्या उरल्या, बाभळीवर कुणी नव्हतं. पुढे पाऊस बरा झाला तरी दोन वर्षं तिरंदाज दिसला नाही. पाणकावळे लगेच आले होते. तिरंदाजाला संथ, खोल पाणी हवं, घरट्यासाठी पाण्याकाठची झाडं हवीत. तलावातला गाळ काढताना त्या बाभळीही तोडल्या गेल्या होत्या.

आणखी एक गोष्ट मामांनीच दाखवली. नायलॉनची पातळ जाळी आली तेव्हापासून पाण्याखाली शिकार करणारा हा पक्षी तिच्यात अडकतो आणि गुदमरून मरतो. सुती जाळं त्याला दिसायचं, हे दिसत नाही. मामा पहाटे जाळं उचलायला जातात ते आता लवकर जातात. जिवंत सापडला तर डोक्यावर फडकं टाकून सोडवतात, कारण चोच सरळ डोळ्यावर येते. एका तिरंदाजाला असं सोडवताना मी धरून बसलो होतो. ओल्या पिसांखाली त्याची छाती धडधडत होती. सोडला तसा तो उडाला नाही, पाण्यातच शिरला आणि पुन्हा साप झाला.

कवितेत दुरुस्ती करायला बसलो तर वेगळीच अडचण आली. पाणकावळा आठ मात्रांचा, तिरंदाज सहा. दोन मात्रा कमी पडल्या. मामांना सांगितलं तर म्हणाले, "मग त्येला मासा द्या की चोचीत." 'मासा' चार मात्रांचा होतो, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.