हळदीचा डाग साबणानं लाल का होतो? गालिचा, सतरंजी आणि लोणारचा खार

हेडफोन लावलेत ना? आजचा विषय ऐकून काही जण म्हणतील, हे काय, आता डाग काढायला शिकवणार का हा? हो, शिकवणार. कारण मागच्या आठवड्यात मेहकरातल्याच एका ताईचा व्हॉइस नोट आला आणि त्यातला प्रश्न साधा नव्हता.

तिच्या घरी पाहुणे जेवायला होते. बैठकीत आजोबांनी घेतलेला लोकरीचा गालिचा अंथरलेला. आजोबा आता नाहीत, त्यामुळे त्या गालिच्याला घरात वेगळा मान आहे. वांग्याच्या भाजीचा रस्सा सांडला. आईनं लगेच धुण्याची पावडर घेतली आणि ब्रशनं घासलं. पिवळा डाग बघता बघता लालभडक झाला. सगळे घाबरले. तेवढ्यात शेजारच्या काकू म्हणाल्या, "ब्लीच टाका, पांढरा होईल." ताईचा प्रश्न एवढाच, "दादा, टाकू का?"

एपिसोडची वाट न बघता मी तिला लगेच कळवलं, अजिबात टाकू नको. का नको, ते आता सगळ्यांसाठी सांगतो.

आधी तो लाल रंग. हळदीत जो पिवळा रंग असतो त्याला कर्क्युमिन म्हणतात. त्याची एक सवय आहे. आंबट पदार्थात तो पिवळा राहतो आणि खारात गेला की लाल-तपकिरी होतो. हळद आणि चुना कालवून कुंकवासारखा लाल रंग होतो, ते तुम्ही घरी पाहिलं असेल. तीच गोष्ट. धुण्याच्या पावडरीत सोडा असतो, सोडा म्हणजे खार. म्हणजे डाग वाढलेला नाही, जळलेला नाही, त्यानं फक्त रंग बदललाय. लिंबाचं किंवा व्हिनेगरचं पाणी लावलं की तो परत पिवळा होतो. शाळेत लिटमस पेपर बघितला होता ना, हळद ही आपल्या मसाल्याच्या डब्यातला लिटमस आहे.

आता खाराचा विषय निघालाच आहे तर आपल्या भागातला माणूस लोणारला गेल्याशिवाय राहतो का! मेहकरपासून वीस-पंचवीस किलोमीटरवर ते सरोवर. तिथलं पाणी चांगलंच खारट आणि सोडायुक्त आहे, पीएच साधारण दहाच्या आसपास. साध्या पाण्याचा सात धरा. उन्हाळ्यात पाणी आटलं की काठावर क्षार उरायचे आणि लोक ते गोळा करायचे. त्याच्या प्रकारांना नावंसुद्धा होती, दल्ला, खुप्पल, पापडी, भुसकी. अकबराच्या काळात मेहकर हे वऱ्हाड सुभ्यातलं एक 'सरकार' होतं, म्हणजे आजच्या भाषेत जिल्ह्यासारखं. अबुल फजलनं 'आइन-ए-अकबरी'त या सरकारबद्दल लिहिताना लोणारचा उल्लेख केलाय आणि म्हटलंय की काच आणि साबण करायला लागणारं सगळं इथे मिळतं. चारशे वर्षांपूर्वी आपला भाग साबणाच्या कच्च्या मालासाठी माहीत होता, आणि आज आपण गालिच्यावर किती साबण टाकायचा यावर अडलोय!

(आणि हो, कुणी आता बाटली घेऊन लोणारला निघू नका. ते अभयारण्य आहे, २०२० पासून रामसर स्थळही आहे. तिथलं काही उचलून आणायचं नाही.)

तर, खार वाईट आहे का? सुती सतरंजीला नाही. सुताला सोडा सोसतो, म्हणून तर धुणं निघतं. पण लोकर म्हणजे मेंढीचे केस. केस आणि लोकर दोन्ही एकाच प्रथिनाचे, केराटिनचे. खारात ते कमजोर होतात, आणि ब्लीच तर लोकर अक्षरशः विरघळवतं. आधी पिवळी पडते, मग धागा तुटायला लागतो. काकूंचं ऐकलं असतं तर डागाच्या जागी भोक पडलं असतं. म्हणून माझं म्हणणं असं की डाग कशाचा हे विचारायच्या आधी गालिचा कशाचा हे विचारा. लोक याच्या बरोबर उलटं करतात.

गालिचा कशाचा ते ओळखायचं कसं? दुकानदार काहीही सांगतो. उलट्या बाजूच्या कडेचा एक धागा काढा, चिमट्यात धरा, घराबाहेर, पाण्याची वाटी जवळ ठेवून पेटवा. केस जळाल्यासारखा वास आला आणि राख बोटानं चुरली, तर लोकर. कागद जळाल्यासारखा वास आणि मऊ राख, तर सूत किंवा ताग. वितळून कडक मणी झाला, तर प्लास्टिकचा धागा. आजकाल ऑनलाइन जे स्वस्त, लव असलेले गालिचे येतात ते बहुतेक हेच. हात भाजून घेऊ नका, वितळलेला मणी त्वचेला चिकटतो.

सुती सतरंजीची काळजी मी फार सांगत नाही. भिजवा, धुवा, उन्हात टाका. रंग जातो का तेवढं आधी बघा, पांढरं फडकं ओलं करून कोपऱ्यावर पाच मिनिटं दाबून ठेवा, फडक्याला रंग लागला तर जपून. ही तपासणी लोकरीलाही करायची. तागाला मात्र जास्त पाणी लावू नका, तो वाळताना तपकिरी पडतो आणि मग तोच एक डाग होऊन बसतो. प्लास्टिकच्या धाग्याला पाण्याची भीती नाही, पण तेल धरून ठेवतो आणि इस्त्री जवळ नेली तर वितळतो.

आता ताईचा गालिचा. लोकर, रस्सा, म्हणजे तेल आणि हळद दोन्ही. तिला जे सांगितलं ते असं.

पहिलं म्हणजे घासणं बंद. ब्रशनं घासलं की डाग लवीच्या मुळाशी जातो आणि लोकर नमदा होऊन बसते. ती परत मोकळी होत नाही. पांढरं सुती फडकं घ्या आणि कडेकडून मध्याकडे टिपा. मध्यातून बाहेर टिपलं तर छोटा डाग मोठा होतो. तेलासाठी टाल्कम पावडर भुरभुरा, अर्धा तास राहू द्या, मग हलक्या हातानं झटका. मैदा पण चालेल, पण नंतर नीट झटकला नाही तर झुरळांना आमंत्रण. बेसन नको बरं का, पिवळ्यावर पिवळं.

मग एका वाटी थंड पाण्यात शाम्पूचे चार-पाच थेंब. हो, केसांचा शाम्पू. जे आपल्या केसांना सोसतं ते मेंढीच्या केसांना पण सोसतं. फडकं त्यात बुडवून घट्ट पिळून घ्या आणि टिपा. मग एक भाग व्हिनेगर, तीन भाग पाणी, तसंच टिपा. इथे लाल रंग पिवळा होताना दिसेल. शेवटी साध्या पाण्याचं फडकं दोन-तीनदा. हा शेवटचा टप्पा लोक विसरतात. साबण आत राहिला तर तो चिकट असतो, येणारी-जाणारी धूळ धरतो, आणि पंधरा दिवसांनी तिथेच काळा ठिपका दिसतो. मग म्हणतात, "डाग परत आला." डाग नाही आला, साबणानं धूळ बोलावली.

डाग खरंच परत येतो तो वेगळ्या कारणानं. वरून स्वच्छ दिसतं, पण मुळाशी ओल आणि रंग असतो. वाळताना पाणी धाग्यातून वर चढतं आणि रंग बरोबर आणतं, दिव्याच्या वातीतून तेल चढतं तसं. त्यावर उपाय सोपा आहे. ओल्या जागेवर सुती फडक्याची जाड घडी ठेवा, त्यावर पाट आणि पाटावर वजन, रात्रभर. रंग वर चढेल, पण फडक्यात जाईल.

एवढं करूनही फिकट पिवळेपणा उरेल. त्याला ऊन. कर्क्युमिन उन्हात टिकत नाही, म्हणून तर हळदीच्या डागाचा शर्ट दोन-तीनदा वाळत घातला की डाग नाहीसा होतो. पण उन्हानं गालिच्याचा रंगही उडतो. म्हणून डाग तेवढा उघडा ठेवून बाकी गालिचा जाड चादरीनं झाका. रोज तासभर, चार-पाच दिवस. ताईनं तिसऱ्या दिवशी फोटो पाठवला, डाग शोधावा लागत होता. पूर्ण गेलाय असं मी म्हणणार नाही.

पाण्याबद्दल थोडं. आपल्याकडे उन्हाळ्यात पाणी जपून वापरावं लागतं, त्यामुळे गालिच्यावर बादल्या ओतणं तसंही परवडत नाही. पण पाणी भरपूर असलं तरी ओतू नका. लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळपास तिसरा हिस्सा ओल पिऊन घेते आणि हाताला कोरडीच लागते. आत ओल राहिली की बुरशी, कुबट वास, आणि घरात दम्याचं माणूस असेल तर त्याचा त्रास वाढतो. म्हणून पावसाळ्यात लोकरीचा गालिचा धुवायचाच नाही. गुंडाळून ठेवताना पूर्ण वाळलेला आणि जेवणाचे कण झटकलेला हवा, नाहीतर कसर लागते. कसरीला अंधार आणि मळकी लोकर दोन्ही आवडतात.

व्हॅक्यूम क्लीनर नाही म्हणून रडू नका. गच्चीच्या कठड्यावर गालिचा उलटा टाका आणि पाठीवर काठीनं झोडपा, लव खाली. धूळ बाहेर पडते, आत जात नाही. महिन्यातून एकदा. तोंडाला रुमाल बांधा, आणि खालच्या मजल्यावरच्या काकूंनी पापड वाळत घातलेत का ते आधी बघा.

आपल्याकडचा खास डाग म्हणजे काळी माती. पावसाळ्यात शेतातून कुणी आलं की ठसे उमटतात आणि आई ओलं फडकं घेऊन धावते. धावू नये. आपल्या मातीतली चिकणमाती ओली झाली की फुगते आणि चिकटते, वाळली की आकसते आणि भेगा पडतात. शेतात बघतोच की आपण. तर वाळू द्या. वाळली की अर्धी माती नुसत्या हातानं निघते, उरलेली कोरड्या ब्रशनं. पाणी सगळ्यात शेवटी.

रक्ताला आणि दुधाच्या चहाला गरम पाणी नको, प्रथिनं शिजून धाग्याला धरतात. पानाच्या पिचकारीबद्दल विचारलंय एकानं. मित्रा, कात पक्का रंग आहे, लगेच टिपलं तर थोडाफार निघतो. थुंकणाऱ्याला बाहेर बसव.

शेवटचं आणि हे जरा गंभीरपणे ऐका. डाग निघत नाही म्हणून दोन बाटल्या एकत्र करायच्या नाहीत. ब्लीचमध्ये टॉयलेट साफ करायचं ॲसिड किंवा व्हिनेगर मिसळलं की क्लोरीन वायू सुटतो. बंद खोलीत, गालिच्यावर वाकून बसलेल्या माणसाच्या थेट नाकात. चुकून झालंच तर काही धुवत बसू नका, दारं-खिडक्या उघडा, घरातल्यांना घेऊन बाहेर पडा, आणि खोकला किंवा छातीत जळजळ थांबत नसेल तर सरळ दवाखाना.

तुमच्या घरात कुठला डाग वर्षानुवर्षं ठाण मांडून बसलाय, ते व्हॉइस नोटवर पाठवा. फोटोत गालिच्याची उलटी बाजूही दाखवा, विण बघून बरंच कळतं. पुढच्या वेळी घोंगडी, कारण त्यावर तिघांनी विचारलंय. चला, भेटू.