सेतूची वार्ता आणि जमिनीचें मोल

शिवडीहून न्हावाशेवाकडे जाणारा २१.८ किलोमीटर लांबीचा अटल सेतु १२ जानेवारी २०२४ रोजीं खुला झाला. काम २०१८ सालीं सुरू झालें. बोलबाला त्याच्या कित्येक वर्षें आधींचा. उरण-पनवेलकडील जमिनीचे व्यवहार अशा बोलबाल्यावरच होत असतात. जमिनीचा कस तोच, पाणीही तेंच. पालटतो तो मुंबईस पोंचण्याचा वेळ. शेतकरी भाताच्या उत्पन्नावरून मोल करितो, घेणारा पुढील वसाहतीवरून. मग दोघांचा हिशेब जुळावा कसा?

या व्यवहारांचा संबंध केवळ विकणाराशींच आहे असें मात्र नाहीं. पुढें रस्त्याकरितां सरकारनें जमीन घेतली, तर १ जानेवारी २०१४ पासून अमलांत आलेल्या भूसंपादन कायद्याचें २६ वें कलम लागूं होतें. मागील तीन वर्षांत जवळपासच्या तशाच जमिनींचीं जीं खरेदीखतें नोंदलीं गेलीं, त्यांतील अधिक किंमतीच्या निम्म्या खतांची सरासरी काढतात. रेडी रेकनरचा दर तीहून अधिक असल्यास तो धरतात. मुद्रांक शुल्क वांचविण्यासाठीं खतांत कमी रक्कम लिहिण्याची खोड येथें अंगलट येते. चार पैसे एकानें वांचवावे आणि भुर्दंड साऱ्या गांवानें सोसावा! शिवाय मोलाइतकीच दिलासा रक्कम वर मिळावयाची असल्यानें, सरासरी धरली गेली तर तिच्यांतील तूट भरपाईंत निदान दुप्पट होते.

सौदा ठरविण्यापूर्वीं दुय्यम निबंधकाच्या कचेरींतून लगतच्या जमिनींच्या सूची क्रमांक २ च्या नकला काढून पाहाव्या, असें आम्ही सुचवितों.