लाल कंसाला घाबरायचं कशाला?

मैत्रिणींनो, कॉम्प्युटर शिकणारी तुमची लेक प्रोग्रॅम लिहिता लिहिता रडकुंडीला येते का? आमच्या मंडळाच्या वर्गात मुली येतात. कारण काय, तर एक लाल कंस!

प्रोग्रॅम लिहायच्या एडिटरमध्ये कंसांच्या जोड्या रंगीत दिसतात. उघडणारा आणि बंद होणारा कंस एकाच रंगाचे, जोडीदार सापडला नाही की लाल. 'व्हिज्युअल स्टुडिओ कोड'मध्ये २०२१ पासून ही सोय आयतीच आहे. बहुतेक वेळा ती बरोबर असते, पण एडिटर काही प्रोग्रॅम चालवून बघत नाही. ठरावीक नमुने जुळवून तो अंदाज बांधतो. अवतरणचिन्हातला मजकूर कुठे संपला हे ओळखताना त्याची गल्लत झाली, तर "छान :)" मधल्या हसऱ्या चेहऱ्याचा कंससुद्धा तो मोजतो. मग खालचे सगळे रंग बिघडतात. पोर बिचारी बरोबर लिहिलेलंच खोडत बसते आणि म्हणते, "मला नाही जमणार." घरचेही क्लास बंद करायला टपलेलेच असतात!

अशा वेळी आधी प्रोग्रॅम चालवून बघायला सांगा. खरा निवाडा पायथनचा, रंगाचा नव्हे. २०२१ च्या पायथन ३.१० पासून तर न मिटलेला कंस नेमका कुठे उघडला, तेही कळतं. पूर्वी बोट बऱ्याचदा भलत्याच ओळीकडे असायचं. आणि चूक निघालीच, तर रंग पहिल्यांदा जिथे बिघडला तिथलं अवतरणचिन्ह आधी तपासावं.