नारळाच्या सोडणाचे कापड रस्त्याखाली

कापड म्हटले की आपल्या नजरेसमोर लुंगी, साडी, शर्टिंग येते. पण एक कापड असेही आहे, जे एकदा अंथरले की पुन्हा कोणाला दिसत नाही. ते म्हणजे काथ्याचे जाळीदार विणलेले ‘भूवस्त्र’. रस्त्याच्या खडीखाली आणि मातीच्या उतारावर ते घालतात.

त्याचे काम साधे आहे. मऊ जमिनीवर टाकलेली खडी पावसाळ्यात मातीत रुतते आणि रस्ता खचतो. मध्ये हे कापड असले की खडी आणि माती अलग राहतात, पाणी निघून जाते. उतारावर ते गवत रुजेपर्यंत माती धरून ठेवते. काथ्यात लिग्निन हा चिवट घटक ४० ते ४५ टक्के असतो. म्हणून सूत किंवा तागापेक्षा तो उशिरा कुजतो, साधारण दोन-तीन वर्षे टिकतो. तोवर खालची माती दबून घट्ट होते. याच कामाचे प्लॅस्टिकचे कापड खनिज तेलापासून बनते. हे मात्र फेकलेल्या सोडणापासून. हवेत कार्बन कमी जातो तो यामुळेच. मात्र जिथे भराव कायमचा तोलून धरायचा असेल, तिथे हे कापड चालत नाही.

आता हिशेब पाहू. मे २०२० मध्ये केंद्र सरकारने पंतप्रधान ग्राम सडक योजनेच्या तिसऱ्या टप्प्यात काथ्याच्या भूवस्त्राला मंजुरी दिली. तेव्हाच्या अंदाजात सात राज्यांतील १,६७४ किलोमीटर रस्ते होते. त्यात महाराष्ट्राचे ३२८. कापड १ कोटी चौरस मीटर, किंमत सुमारे ७० कोटी रुपये. म्हणजे चौरस मीटरला ७० रुपये पडले.

हा आकडा ऐकून मालेगाव-भिवंडीच्या कारखानदारांनी घाई करू नये. काथ्याचा जाड धागा आपल्या सुती मागावर चढत नाही. त्याचे माग वेगळे, मजबूत असतात. माल वजनावर ठरतो: चौरस मीटरला ४००, ७०० किंवा ९०० ग्रॅम. भारतीय मानक १५८६९ प्रमाणे तो उतरला पाहिजे. शिवाय माल जागा फार खातो, त्यामुळे लांबून आणल्यास वाहतूकच नफा गिळते.

म्हणून कोकणात जिथे सोडणे पडून असतात, तिथेच हा धंदा जमेल. ताणा-बाणा आपल्याला नवा नाही, गिऱ्हाईक नवे आहे. आधी ठेकेदाराची लेखी ऑर्डर घ्या, पैसे कधी मिळणार ते ठरवा, मगच मागासाठी कर्ज काढा.