गाणें आणि पायऱ्या

मैफलीचें तिकीट काढणाऱ्याला सामान्यतः दोनच प्रश्न पडतात : गाणार कोण, आणि जागा कितव्या रांगेंत? कुबड्यांवर चालणाऱ्याला किंवा चाकांच्या खुर्चीवरून येणाऱ्याला तिसरा एक प्रश्न पडतो, आणि तो पहिल्या दोहोंच्याही आधीं : आंत शिरावयाचें कसें?

जुनीं नाट्यगृहें बहुधा उंच जोत्यावर असतात. पावसाचें पाणी आंत येऊं नये हें एक कारण, आणि दर्शनी पायऱ्यांनीं इमारतीला येणारा भारदस्तपणा हें दुसरें. आंतला मजला पुढें उतरता असतो, तो मागच्याला पुढच्याच्या डोक्यावरून दिसावें म्हणून. जी रचना एकाची सोय, तीच दुसऱ्याची अडवणूक.

दारांत अडलेल्या श्रोत्याला “आम्ही उचलून नेतों कीं!” असें स्वयंसेवक मोठ्या आपुलकीनें सांगतात. हेतु चांगला, पण चारचौघांदेखत गाठोड्यासारखें उचललें जाणें कोणाला रुचेल? शिवाय एकाचा पाय घसरला, तर खुर्चीसकट सगळेच खालीं. पायऱ्यांवर फळी टाकणें हा दुसरा उपाय त्याहून घातक. थोडा हिशेब करावा. उतरणीचें मान्य प्रमाण १:१२, म्हणजे एक हात चढावयाचा तर बारा हात लांबी. पंधरा-पंधरा सेंटीमीटरच्या सहा पायऱ्या असल्या, तर चढ ९० सेंटीमीटर आणि उतरण १०.८ मीटर, मध्यें विसाव्याची सपाट जागा वेगळीच. तेथें सहा फुटी फळी टाकली, कीं चढ जवळजवळ तीस अंशांचा होतो. त्यावरून खुर्ची ढकलणें हें धाडस होय, सोय नव्हे.

उतरण असली तरी काम संपत नाहीं. दार ९० सेंटीमीटर मोकळें हवें. खुर्ची वळविण्यास दीड मीटर जागा हवी. शौचगृहाचा विचार तर शेवटीं होतो, किंवा होतच नाहीं. मग कित्येक रसिक मैफलीच्या दिवशीं दुपारपासून पाणीच पीत नाहींत.

भारतीय बैठकीची गोष्ट आणखी निराळी. पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवासारखे १९५३ पासून चालत आलेले सोहळे बैठकीच्या परंपरेंतले. सतरंजीवर मांडी घालून ऐकण्याची गोडी खरीच, परंतु गुडघे धरलेल्या वृद्धाला ती मिळत नाहीं. त्याला खुर्ची पुढें दिली तर मागच्यांचें दर्शन अडतें, मागें दिली तर तो घरच्या माणसांपासून तुटतो. कडेच्या पट्ट्यांत, सोबत्याच्या जागेसह, खुर्च्यांची ओळ राखणें हा त्यांतला बरा मार्ग.

अडचण श्रोत्यांचीच असते असेंही नाहीं. १९४५ सालीं जन्मलेले विख्यात व्हायोलिनवादक इट्झॅक पर्लमन यांना चौथ्या वर्षीं पोलिओ झाला, व ते बसूनच वाजवीत आले. रंगमंचाला पायऱ्याच असल्या, तर अशा कलावंतापुढें तोच प्रश्न उभा राहतो.

कायदा मुका नाहीं. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा खासगी मालकीच्या, पण सर्वांस खुल्या असलेल्या सभागृहांसही लागू आहे. सुगमतेचे काही निकष मात्र केवळ शिफारशीवजा राहिले होते. ते बंधनकारक करावेत, असें सर्वोच्च न्यायालयानें ८ नोव्हेंबर २०२४ रोजीं सांगितलें. दगडी पायऱ्या निकालानें वितळत नाहींत, हा भाग वेगळा.

तोंवर जाणारानें आधीं दूरध्वनीवर चौकशी करावी हें बरें. मात्र “सोय आहे का?” असें विचारूं नये, त्याचें उत्तर नेहमीं “हो, आहे” असेंच येतें. पायऱ्या किती, कठडा कोणत्या बाजूस, शौचगृहाचें दार किती रुंद, असें विचारावें. म्हणजे पलीकडच्या मनुष्याला उठून मोजावें लागतें.