खडू, तक्ते आणि कुलूप

आमच्या तालुक्यातील एका प्राथमिक शाळेत या जूनमध्ये भिंतीवरचा फळा उतरवून त्या जागी स्मार्ट पॅनल बसविण्यात आले, आणि त्या निमित्ताने झालेल्या समारंभात 'आता मुलांना चित्रांतून शिकता येईल' हे वाक्य ज्या आत्मविश्वासाने पुनःपुन्हा उच्चारले गेले, तो आत्मविश्वास माझ्यासारख्या जुन्या मास्तराच्या चांगलाच जिव्हारी लागला. जणू पॅनल येण्यापूर्वी महाराष्ट्रातील शिक्षकवर्ग केवळ छडी आणि घोकंपट्टी यांवरच निर्वाह करीत होता!

कोमेनियसाने 1658 साली मुलांसाठी सचित्र पाठ्यपुस्तक काढले, तेथपासून हा इतिहास सांगत बसण्याचा माझा मानस नाही. आपल्याकडे गिजुभाई बधेका व ताराबाई मोडक यांनी 1926 मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला, पुढे ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीस व नंतर कोसबाडला, शंखशिंपले, बिया, पाने अशा फुकट मिळणाऱ्या वस्तूंतून शिक्षणसाधने उभी केली, आणि 1967 मध्ये बालभारती आली. एवढे नमूद केले म्हणजे पुरे. त्यानंतरची वीस वर्षे साधनांच्या दृष्टीने रुक्षच गेली.

खरा मजकूर सुरू होतो तो 1987 पासून. आदल्या वर्षीच्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाच्या अनुषंगाने खडू-फळा मोहीम निघाली, आणि ज्या शाळांना धड छप्पर नव्हते त्या शाळांच्या दारात नकाशे, तक्ते, पृथ्वीगोल, विज्ञानपेटी, गणितपेटी, एवढेच नव्हे तर ढोलकी आणि हार्मोनियमही येऊन दाखल झाली. त्या दिवसांतला उत्साह मी विसरणार नाही. परंतु सामानाबरोबर जडवस्तुसंग्रहाची नोंदवहीही आली, आणि तिने त्या उत्साहावर बघताबघता मात केली. वस्तू गहाळ झाली, फुटली वा फाटली तर तिची किंमत वेतनातून वसूल होईल, या धास्तीने मुख्याध्यापकांनी कपाटाला जे कुलूप घातले, ते उघडायचे केवळ तपासणीच्या दिवशी. तपासणीस आलेले साहेबही कपाटासमोर उभे राहून नोंदवहीशी नगांचा ताळा जमवीत, लाल शाईत शेरा मारीत आणि पुढच्या शाळेच्या रस्त्याला लागत. नकाशा मुलांनी पाहिला काय, असा प्रश्न त्यांतील एकानेही माझ्यासमोर विचारल्याचे मला स्मरत नाही. पृथ्वीगोलावरचे प्लास्टिक निघाले नाही म्हणून ज्या शाळेची तारीफ झाली, तीही मी पाहिली आहे. त्या साहेबांविषयी आता मनात किल्मिष नाही, असे मी म्हटले तर ते खोटे ठरेल.

साधने अशी कैदेत असताना शिकविणे चालले ते खडूवर. फळा कोळशाची पूड आणि पाल्याचा रस चोळून काळा करायचा. मग प्रथम पश्चिमेची किनाररेषा, तिच्या जवळून उत्तर-दक्षिण सह्याद्री, आणि सह्याद्रीवर त्र्यंबकेश्वरचा ठिपका. तेथून गोदावरीची रेषा पूर्वेकडे वळू लागली की एखादा मुलगा हटकून विचारी, 'गुरुजी, समुद्र तर इकडं जवळ आहे, मग नदी तिकडं का चालली?' अरबी समुद्र तेथून अवघा ऐंशी-एक किलोमीटर आणि नदी मात्र सारे पठार ओलांडून बंगालच्या उपसागराकडे निघालेली! हा प्रश्न उपजला, कारण डोंगर आधी आला, नदी मागाहून आली आणि मध्ये विचाराला अवकाश राहिला. छापील नकाशात सर्व नद्या एकदमच वाहत असतात. तेथे विचारायचे काय?

इतिहासाचे तेच. शहाजीराजांचे थोरले पुत्र संभाजी, शिवाजी महाराजांचे पुत्र संभाजी आणि राजाराम महाराजांचे पुत्र, कोल्हापूरचे संभाजी, या तिघांचा मुलांच्या उत्तरपत्रिकांत होणारा घोटाळा कितीही व्याख्याने दिली तरी मिटत नसे. मुलांनीच पाटीवर वंशवृक्ष मांडला, चुकला, पुसला, पुन्हा मांडला, की तो मिटे.

पुढे वाचनात आले की अमेरिकेत जोसेफ नोव्हाक यांनी 1972 च्या सुमारास संकल्पनाचित्रे, म्हणजे कल्पनांमधील संबंध चौकटी आणि रेषांनी दाखविणाऱ्या आकृत्या, योजिली, ती मुलांना काही दाखविण्यासाठी नव्हे, तर मुलांशी झालेल्या मुलाखतींतून त्यांना काय समजले आहे हे स्वतःला दिसावे यासाठी. आमच्या पाट्या नेमके हेच काम करीत होत्या. त्या कामाची दप्तरी दखल मात्र कोणी घेतली नाही.

सर्व शिक्षा अभियानाच्या काळात साधनांसाठी दर शिक्षकास वर्षाला 500 रुपये मिळू लागले आणि बाजारातील तयार तक्त्यांनी भिंती भरल्या. त्या वर्षांविषयी लिहिण्याजोगे माझ्यापाशी फारसे नाही. मधल्या काळात सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटमध्ये (शाळांच्या गटात) ज्ञानरचनावादाचा, म्हणजे मुलाने आपले ज्ञान स्वतः रचण्याचा, प्रयोग झाला, वर्गाची फरशी रंगली, मुले जमिनीवर बसून आपल्या हातांनी मांडू-मोडू लागली, आणि तो पाहायला महाराष्ट्रभरातून शिक्षक गेले. पण 22 जून 2015 च्या शासन निर्णयाने प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र कार्यक्रम आला, आणि पुढे ठिकठिकाणी फरशी तेवढी रंगली, हात लावण्याची मुभा राहून गेली. आता तर भ्रमणध्वनीवरून संकल्पनाचित्राचा छापील नमुना येतो, चौकटी आखलेल्या, बाणही काढलेले, उत्तरेही ठरलेली. मुलाने रिकाम्या जागा भरायच्या आणि शिक्षकाने त्याचे छायाचित्र काढून वरिष्ठांस धाडायचे. पूर्वी कपाटाला कुलूप होते, आता ते चौकटीला आहे.

पॅनलला माझा विरोध नाही. ज्वालामुखी किंवा हृदयाचे स्पंदन खडूने दाखविता येत नाही. माझी विनंती एवढीच, की शाळा व्यवस्थापन समित्यांनी रंगरंगोटीचे ठराव करताना खिडकीखालचे तळफळे, म्हणजे मुलांच्या हाताला येणारे फळे, वगळावेत. माझ्या पाहण्यातील काही शाळांत त्यांच्यावर तैलरंगात कार्टूने काढली आहेत. तेथे पुन्हा काळा रंग द्यावा आणि खडूची पेटी मुलांच्या हाती उघडी ठेवावी.