वकिलाची फी कोण भरतं?

पोटगी, मुलाचा ताबा, घरातली मारहाण. अशा कामासाठी पुण्यातल्या शिवाजीनगरच्या न्यायालयात येणाऱ्या कुटुंबाला पहिली धास्ती असते ती फीची. ती भरण्याची सोय कायद्यातच आहे, पण अनेकांना ते ठाऊक नसतं.

विधी सेवा प्राधिकरण कायदा 1987चा, लागू झाला 9 नोव्हेंबर 1995 रोजी. त्याच्या कलम 12 नुसार स्त्रिया, मुलं, अपंग व्यक्ती आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो. इतर बहुतेकांसाठी महाराष्ट्रात वार्षिक 3 लाखांची मर्यादा आहे. अर्ज न्यायालयाच्या आवारातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करायचा. 15100 या हेल्पलाइनवरही माहिती मिळते.

पैसा येतो जिल्हा विधी सहाय्य निधीतून. त्यात राज्य प्राधिकरणाचं अनुदान जमा होतं, न्यायालयाच्या आदेशाने मिळालेल्या रकमा जमा होतात. शिवाय राज्य प्राधिकरणाच्या पूर्वमंजुरीने कोणीही देणगी देऊ शकतं. पुण्यातल्या दानशूरांनी या मार्गाचा जरूर विचार करावा.

मात्र न्यायालयात किंवा संरक्षणाची गरज असलेल्या मुलांची प्रकरणं पाहणाऱ्या बालकल्याण समितीपुढे उभ्या राहिलेल्या घाबरलेल्या आईला कलमांइतकाच धीर हवा असतो. कागद समजावून सांगणारं, तारखेला सोबत येणारं माणूस हवं असतं. प्राधिकरणाचे विधी स्वयंसेवक हे काम करतात; त्यांच्या मानधनाचाही विचार निधी देताना व्हायला हवा.